लॉग४जे २.१६ वर थांबलंय? मग हे वाचाच

डिसेंबर २०२१ मधलं 'लॉग४शेल' सगळ्यांना आठवतं. त्याच्या मागोमाग आलेल्या सीव्हीई-२०२१-४५१०५ बद्दल मात्र फार कमी बोललं जातं. मला तर ही त्रुटी जास्त विलक्षण वाटते!

लॉग४जे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी. डॉलर आणि महिरपी कंसात एखादं नाव दिसलं, की त्या जागी ती त्याची किंमत भरते. समजा, प्रत्येक नोंदीत लॉगिन आयडी छापायचाय आणि हल्लेखोराने आयडी म्हणून स्वतःकडेच बोट दाखवणारा, मुद्दाम रचलेला संदर्भ पाठवला. लायब्ररी शोधायला जाते, तिथे पुन्हा संदर्भ, पुन्हा शोध... समोरासमोरच्या आरशांसारखं. शेवटी स्टॅक भरतो आणि प्रोसेस कोसळते. डेटा चोरीला जात नाही, पण सेवा ठप्प.

डीफॉल्ट सेटिंगमध्ये हा धोका नाही. लेआउटमध्ये कॉन्टेक्स्ट लुकअप वापरला असेल तरच. दुरुस्ती २.१७.० मध्ये आली, जावा ७ साठी २.१२.३ मध्ये. १.x तर ऑगस्ट २०१५ पासूनच बंद आहे, ती वापरूच नका.

मॅव्हनवर असाल तर आजच डिपेंडन्सी ट्री काढा. जुनं लॉग४जे-कोअर बरेचदा भलत्याच लायब्ररीच्या आडून आत आलेलं असतं.