विश्लेषण : शवविच्छेदन झाले, तरी मृत्यूचे कारण ‘राखीव’ का राहते?

कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना शेतकरी चक्कर येऊन कोसळतो आणि दोन दिवसांनी रुग्णालयात दगावतो. शवविच्छेदन होते, पण ‘मृत्यूचे कारण राखीव, व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला’ एवढेच उत्तर घरच्यांना मिळते. हा अपघात ठरला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. आत्महत्या ठरली तर ही योजना लागू होत नाही. दोन्ही शक्यतांमध्ये शरीरात सापडणारे रसायन मात्र एकच असते. मग निर्णय होतो कसा? न्यायवैद्यकशास्त्र यात कुठवर मदत करते?

तपासाची सुरुवात कुठून होते?

सुरुवात पोलिसांपासून होते. आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद मृत्यूची खबर मिळाली की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस अधिकारी मृतदेह असेल तिथे जाऊन परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष पंचनामा करतो. शरीरावरील जखमा, व्रण आणि ते कशाने झाले असावेत, याची नोंद त्यात असते. हा अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. कारणाबद्दल शंका असेल, किंवा विवाहानंतर सात वर्षांच्या आत महिलेने आत्महत्या केली असेल, तर मृतदेह डॉक्टरांकडे पाठवला जातो. कोठडीतील मृत्यूची चौकशी मात्र न्यायदंडाधिकारी करतात. मुंबईत १९९९ पर्यंत या कामासाठी स्वतंत्र ‘कोरोनर’ होता. ते पद रद्द झाल्यावर तिथेही पोलीस पंचनाम्याचीच पद्धत आली.

डॉक्टर काय सांगू शकतात आणि काय नाही?

मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाण्यात बुडून श्वास कोंडल्याने’ हे झाले कारण. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या की हत्या, हा झाला प्रकार. अमेरिकेतील अनेक भागांत ‘मेडिकल एक्झामिनर’ हा डॉक्टर घटनास्थळाची माहिती घेऊन प्रकारही ठरवतो. आपल्याकडे डॉक्टर प्रामुख्याने कारण सांगतात. प्रकार ठरवण्याचे काम पोलीस तपास आणि शेवटी न्यायालय करते.

काही वेळा शरीरच बरेच सांगून जाते. गळफासाचा व्रण बहुधा गळ्याच्या वरच्या भागात, तिरका आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोरीने गळा आवळला असेल तर तो बहुधा खाली, आडवा आणि गळ्याभोवती सलग दिसतो. बुडालेल्या व्यक्तीच्या नाकातोंडाशी बारीक फेस येतो. पाण्यातील डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे हाडांच्या मगजात सापडली, तर पाण्यात पडताना माणूस जिवंत होता या निष्कर्षाला बळ मिळते. पण विहिरीच्या काठावरून पाय घसरला, उडी मारली की कुणी ढकलले, हे फुप्फुसे सांगू शकत नाहीत.

मग कारण ‘राखीव’ का ठेवतात?

विषबाधेचा संशय असला की नुसत्या डोळ्यांनी पाहून कारण ठरवता येत नाही. त्यामुळे जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडांचे तुकडे आणि रक्त राखून ठेवले जाते. यालाच बोलीभाषेत ‘व्हिसेरा’ म्हणतात. हे अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलिन वापरत नाहीत, कारण त्यामुळे अनेक विषे शोधणे अवघड होते. बाटल्या मोहोरबंद करून पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिचा अहवाल आल्यावर डॉक्टर अंतिम मत देतात. यात अनेकदा काही महिने जातात.

अहवालात विष सापडले नाही, म्हणजे विषबाधा झालीच नव्हती असेही नसते. रुग्ण दोन-तीन दिवस जगला, त्याचे पोट धुतले गेले, उपचार मिळाले, तर विषाचा अंश शिल्लक राहतोच असे नाही. अशा वेळी पहिल्या रुग्णालयातील नोंदी मोलाच्या ठरतात. आकसलेल्या बाहुल्या, भरपूर लाळ, घाम ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अ‍ॅट्रोपीन दिल्यावर बाहुल्या मोठ्या होतात. म्हणून उपचाराआधीची नोंद महत्त्वाची. सर्पदंशातही दंशाची खूण आणि उपचाराचे कागद अनेकदा व्हिसेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

फवारणी की प्राशन, हे कसे कळते?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. विष पिण्याची गरज नसते, ते त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, हे त्या घटनेने राज्याला दाखवून दिले. जठरात कीटकनाशक मोठ्या प्रमाणात सापडले तर ते तोंडावाटे गेल्याचा संशय बळावतो. कपड्यांवर, पाठीवर, हातांवर अंश असतील तर फवारणीकडे बोट जाते. पण पंप शेतात होता का, तो गळत होता का, डबा कुठे आणि किती रिकामा सापडला, हे शवागारात कळत नाही. ते पंचनाम्यातच यावे लागते. ते राहिले तर पुढे कितीही चांगले शवविच्छेदन झाले तरी ही पोकळी भरून निघत नाही.

मृत्यूची वेळ किती अचूक सांगता येते?

मालिकांमध्ये दाखवतात तितकी नाही. शरीर थंड होण्याच्या वेगावरून वेळ काढण्याची पद्धत थंड देशांत ठीक चालते. विदर्भातील मे महिन्यात बाहेरचे तापमान शरीराच्या ३७ अंशांपेक्षा जास्त असते, तिथे मृतदेह थंडच होत नाही. उन्हाळ्यात शरीर लवकर ताठरते, ताठरपणा लवकर जातो आणि कुजण्याची क्रियाही लवकर सुरू होते. त्यामुळे जबाबदार डॉक्टर मिनिटे सांगत नाहीत, काही तासांचा टप्पा सांगतात.

हे शिक्षण कोण घेते?

न्यायवैद्यकशास्त्र व विषशास्त्र हा एमबीबीएसचा स्वतंत्र विषय आहे. पुढे तीन वर्षांची एमडी करता येते. मात्र खासगी व्यवसायाला फारसा वाव नाही आणि न्यायालयाच्या तारखांची धावपळ आहे, म्हणून या जागांना मागणी कमी असते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत शवविच्छेदन बहुतेक वेळा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारीच करतात. बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती सांभाळून त्यांना हे काम करावे लागते. वर्षांनंतर त्याच अहवालावर न्यायालयात उलटतपासणीला सामोरे जावे लागते, ते वेगळेच.

न्यायसहायक विज्ञान हा मात्र निराळा अभ्यासक्रम आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांत, तसेच गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात तो शिकवला जातो. त्या विद्यापीठाचे एक संकुल गोव्यातही आहे. हे पदवीधर प्रयोगशाळेत आणि घटनास्थळी काम करतात, शवविच्छेदन करत नाहीत.

अलीकडे काय बदलले?

नोव्हेंबर २०२१ पासून पुरेशी सुविधा असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी आहे. हत्या, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे यातून वगळली आहेत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच तिथे अपवाद होतो. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून सीटी स्कॅनच्या मदतीने ‘व्हर्च्युअल’ शवविच्छेदन होते.

नव्या संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरणार आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण ही तरतूद गुन्ह्यासाठी आहे. ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदलेल्या प्रकरणात तज्ज्ञ येईलच असे नाही आणि खरी संदिग्धता नेमकी अशाच प्रकरणांत असते.

कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावे?

पोलीस प्रकरणातील शवविच्छेदनाला नातेवाईकांची संमती लागत नाही. पहिल्या रुग्णालयाचे केसपेपर जपून ठेवावेत. कीटकनाशकाचा डबा, पंप, अंगावरचे कपडे धुऊ वा फेकू नयेत, पंचनाम्यात त्यांची नोंद करून पोलिसांकडे द्यावेत. व्हिसेरा कधी पाठवला, त्याचा जावक क्रमांक काय, हे पोलीस ठाण्यात विचारून लिहून घ्यावे. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर डॉक्टरांचे अंतिम मत घेतले गेले का, याचा पाठपुरावा करावा. ‘कारण राखीव’ हा तपासाचा मधला टप्पा आहे. पुढचा कागद येईपर्यंत विचारत राहणे, हे बहुतेक वेळा घरच्यांच्याच वाट्याला येते.