कडू किती, वास कसला?

हॉप्सच्या वेलीला येणारा मादी फुलोरा हिरव्या, कागदी पाकळ्यांचा असतो. तो मधोमध फाडला की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक भुकटी दिसते आणि बोटांना चिकटून बसते. ही ल्युप्युलिन. हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध, दोन्ही तिच्यात असतात, पण दोघांना एकत्र नांदवणं अवघड.

कडवटपणा अल्फा आम्लांचा. बिअरसाठी माल्टचा गोड काढा तासभर उकळला की ती रूप पालटून त्यात विरघळतात. सुगंधी तेलं मात्र तोवर वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कढीपत्ता फोडणीत आणि कोथिंबीर शेवटी, हा हिशेब इथंही चालतो. कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला पडतात, वासाचे आच बंद करताना, नाहीतर आंबवण थंडावल्यावर थेट टाकीत. ड्राय हॉपिंग ते हेच.

तेव्हा पाकिटावरचा अल्फाचा आकडा पाहून वाण उचलणं ही अर्धीच निवड. चेकियातल्या जाटेत्स गावाभोवती पिकणाऱ्या साझमध्ये अल्फा जेमतेम ३-४ टक्के, जर्मन मॅग्नममध्ये १२ च्या आसपास. नुसता कडवटपणाच हवा असेल तर मॅग्नम थोडका पुरतो. महागडा साझ तासभर उकळून वाया का घालवायचा? अर्थात पिल्सेनमध्ये १८४२ साली योसेफ ग्रोलनं सोनेरी लागर घडवली ती साझवरच. त्याचा गवती, किंचित मसालेदार दरवळ हीच त्या बिअरची ओळख ठरली.

अमेरिकेनं वेगळाच सूर लावला. ऑरेगनमध्ये पैदास झालेला कॅस्केड १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याला चक्क पपनसाच्या सालीसारखा वास! सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तो वापरला, पुढे सिएरा नेवाडाच्या पेल एलनं घरोघरी पोचवला. नंतर आलेला सिट्रा तर अल्फातही तगडा आणि लिंबू, आंबा, लिचीच्या वासातही. तरीही नाजूक लागरमध्ये तो ओतला, की बाकी सगळ्यांचा आवाज बंद.

वाण ठरला तरी पाकिटावरचं पिकाचं वर्ष वाचलेलं बरं. उघड्यावर, उबेत राहिलेल्या हॉप्सचा कडवटपणा घटतो आणि जुन्या चीजसारखा कुबट वास सुटतो. ब्रसेल्सच्या आसपास लाम्बिक बनवणारे मात्र मुद्दाम असेच जुने हॉप्स घेतात: त्यांना बिअर टिकवायची असते, कडू करायची नसते.