पिशवी गेली, पित्त राहिले

आपल्याकडे 'पित्त' हा शब्द फार राबवला जातो. डोके चढले तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, राग आला तरी पित्तच खवळते! त्यामुळे खड्यांपायी माझी पित्ताची पिशवी काढली तेव्हा भेटायला येणाऱ्यांत दोन तट पडले. "सुटलात, आता पित्त कायमचे गेले," असे एकाचे म्हणणे. "आता तूप जन्मात विसरा," असे दुसऱ्याचे.

दोन्ही तटांचा समज चुकीचा. पित्तरस बनवते ते यकृत, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. पिशवीत मावतो जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर. हा रस आटवून ठेवायचा आणि स्निग्ध अन्न आतड्यात उतरले की पुढे ढकलायचा, एवढेच तिचे काम. गच्चीवरची टाकी काढली म्हणून नळाचे पाणी थांबत नाही; धार तेवढी बारीक आणि सतत राहते. छातीतली जळजळ मात्र जठरातल्या आम्लाची. तिचा या पिशवीशी संबंध नाही.

या बारीक धारेमुळे एकदम तुडुंब तेलकट जेवण झेपत नाही. काहींना जुलाब होतात, कारण जास्तीची पित्ताम्ले मोठ्या आतड्यात जाऊन तेथे पाणी सोडायला लावतात. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. रेंगाळला तर त्यावर औषध आहे.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी ही पिशवी प्रथम काढली ती 1882 साली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. म्हणजे पिशवीवाचून माणसे शतकाहून अधिक काळ जेवत आली आहेत. तरीही माझ्या थोरल्या वहिनींनी धास्तीपोटी तूप, खोबरे, शेंगदाणे वर्षानुवर्षे वर्ज्य केले आणि त्या खंगल्या. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या सोबतीनेच अंगी लागतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मी काय करतो? थोडे थोडे, चार वेळा खातो. वरणभातावर चमचाभर तूप घेतो. तळणाला बेतानेच हात लावतो. भ्यायचे ते वेगळ्याच गोष्टींना: डोळे पिवळे होणे, थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली कळ, पांढुरकी शौच. पित्तनलिकेत खडा अडकला असू शकतो. तेव्हा घरगुती काढा नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी ताटावर निर्धास्त बसावे.