घरातला गारवा (भाग ४) : नागपूरचा मे आणि एसीवरचे तारे

मागच्या भागात एसीवरचं ताऱ्यांचं लेबल वाचायला शिकलो. नागपुरात मात्र ते लेबल जरा तोकडं पडतं.

लेबलवरचा ‘आयसीअर’ (ISEER, म्हणजे हंगामभराच्या कार्यक्षमतेचा आकडा) काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाचा वापर १६०० तास धरलेला असतो. दीड टन ही क्षमता तर बाहेर ३५ अंश असताना मोजतात. नागपुरात ३५ म्हणजे मार्चमधली साधी दुपार! मेमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो. २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर गेला होता. एसी घरातली उष्णता उचलून बाहेर फेकतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं हे काम जड. कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि गारवा कमी देतो. म्हणजे नेमका नवतप्यात तुमचा दीड टन पुरता दीड टन राहत नाही.

दुकानदार सांगतो, ‘बावन्न अंशांतही चालतो.’ चालत असेल. पण चालणं वेगळं आणि खोली गार करणं वेगळं. त्याला विचारायचं ते एवढंच : ४६ अंशांना किती वॅट गारवा देतो? उष्ण प्रदेशांसाठीच्या ‘टी-३’ चाचणीत हाच आकडा मोजतात. तो कॅटलॉगमध्ये नसेल तर मी त्या मॉडेलच्या वाटेला जाणार नाही.

आता कूलर. एप्रिलमध्ये खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढवायचा, वुडवूलच्या ताट्या बदलायच्या, पंप सुरू होतो का पाहायचं, हे नागपूरकराला कुणी शिकवायला नको. त्यामागे हिशेबही पक्का आहे. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ताट्या नीट भिजवणाऱ्या कूलरची हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरते. वीज लागते दोनेकशे वॅट. एसीला त्याच्या कितीतरी पट. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा कोंडली की कूलरचा दम संपला.

जुलैत हेच गणित उलटतं. हवा ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के. कूलर कसाबसा दोन-अडीच अंश उतरवतो आणि वर अंगाला चिकचिक. इथे एसीच हवा, कारण तो हवेतलं पाणीही काढतो. म्हणून मी तर म्हणेन, घरात धड कूलर असेल तर एसी मेसाठी नव्हे, पावसाळ्यातल्या उकाड्यासाठी घ्या. बाहेर ३२ अंश असताना साधा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी उत्तम काम करतो; टी-३ च्या मागे धावायला नको. कूलरच्या पाण्याची सोय नसेल, किंवा मेमध्येही दारं-खिडक्या लावूनच झोपायचं असेल, तेव्हा मात्र ४६ अंशांचा आकडा पाहूनच खरेदी करा. दोन्ही एकाच खोलीत एका वेळी लावू नका. कूलर हवेत पाणी भरणार, एसी ते उपसणार आणि बिल तुम्ही भरणार.

वरच्या मजल्याचं दुखणं आणखी वेगळं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तिथे दोन टनांचा विचार करण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग लावून पाहा. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर भर उन्हात टांगू नका. उत्तरेची भिंत सर्वांत बरी. सावलीसाठी छत केलंत, तर ते युनिटच्या तोंडावर येऊ देऊ नका, नाहीतर फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत ओढली जाते. खालच्या-वरच्या शेजाऱ्यांची युनिटं एकाच अरुंद डक्टमध्ये असली तरी तेच होतं. तांब्याची कॉइल की ॲल्युमिनियमची, ते पुढच्या आठवड्यात.