‘नॅरो’ म्हणजे नेमकं काय अरुंद?

दारव्ह्यात मोतीबाग स्टेशनाचा विषय निघाला की ‘शकुंतला’ ही जुनी गाडी आठवते. तिच्या मागोमाग एक समज ठरलेलाच असतो: नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी. पण शकुंतलेचा मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा मार्ग हौसेसाठी टाकलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबई–नागपूर मुख्य मार्गावर पोचवायचा होता, तोही कमी खर्चात. दारव्ह्याहून पुसदकडे त्याला फाटाही होता.

‘नॅरो’ हे विशेषण गाडीचं नव्हे, रुळांचं. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. शकुंतलेचं ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. डबा मात्र याच्या दुपटीहून जास्त रुंद, कारण तो रुळांच्या बाहेर दोन्हीकडे पसरलेला असतो.

नॅरो म्हणजे एकच ठरलेलं माप, हेही खरं नाही. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरवर चालते, तीही नॅरोच. याहून गमतीची गोष्ट अकोल्याच्या जुन्या खांडवा लाइनीची. ती मीटरगेज, आणि आपल्याकडे मीटरगेजला कुणी नॅरो म्हणत नाही. जगात मात्र १४३५ मिलिमीटरपेक्षा कमी ते सगळं नॅरो. म्हणजे अकोल्याची मीटरगेज परदेशात नॅरो ठरते. त्या १४३५ ला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. नागपूरची मेट्रो त्यावर धावते. म्हणून ती आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजपेक्षा सरस, असा अर्थ कुणी काढू नये.

‘नॅरो म्हणून सावकाश’ हा समज सगळ्यात चिवट. दक्षिण आफ्रिकेत १९७८ साली १०६७ मिलिमीटरच्या रुळांवर चाचणीत ताशी २४५ किलोमीटर वेग गाठला गेला. अडीच फुटांवर तसं जमणार नाही हे खरं, पण शकुंतलेच्या रखडण्यात हलक्या, जुन्या रुळांचा वाटा मोठा होता. अरुंदपणाची खरी किंमत मूर्तिजापुरात मोजावी लागे: गेज बदलल्यामुळे तिथे कापसाची प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवायची.

‘ब्रिटिश मालकीची रेल्वे’ हे बिरुदही असंच चिकटलं. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. मार्ग सरकारजमा झाला नाही, पण किलिक निक्सन पुढे भारतीयांच्याच हाती आली. रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी मध्य रेल्वेची, असा तो कारभार होता.