वेशीबाहेरची पाचवी

जूनचा दुसरा आठवडा होता. एका वस्तीवर उडदाच्या बियाण्याला रायझोबियम कसे चोळावे ते दाखवत होतो. घरच्या बाई मध्येच म्हणाल्या, "सायेब, आमची धाकटी औंदा चौथीला गेली. पुढल्या साली शाळा संपली तिची."

"संपली कशी? पाचवी आहे की!"

"हाय की. पर ती चार किलोमीटरवर."

सोलापूर जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवरच्या अनेक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिक शाळेत धरली आणि चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. तरी पाचवीचा वर्ग आजही पुष्कळ ठिकाणी शेजारच्या गावच्या हायस्कुलातच भरतो. मूल तिथे जाणार की नाही, हे बहुधा चौथीच्या वर्षातच घरात ठरून जाते. कोणी उघड बोलत नाही इतकेच.

आमच्या गावची शाळाही चौथीपर्यंतच होती. मी ओढा ओलांडून पाचवीला गेलो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई मात्र घरी राहिली. "पोरीची जात, ओढ्याला पाणी येतं," असे वडील म्हणाले. ओढा दोघांना एकच होता. गणितात ती माझ्या पुढे होती. आजही ती बाजारहाटाचा हिशेब तोंडी करते, पण बँकेचा कागद आला की माझी वाट पाहते. चौथीचे वाचन पुढे वापरात राहिले नाही, ते विसरले.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, हे वर्ष मुलाला शिकवणी लावण्याचे नाही. ते घरातल्या कागदांवरच पुष्कळ शिकेल. कांदा विकून सोलापूरच्या बाजारातून आणलेली हिशेबपट्टी मुलीच्या हाती द्या. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती गेली, हाती काय उरले, हे तिला मोठ्याने वाचू द्या. डेअरीच्या पावतीवरून दहा दिवसांच्या दुधाची बेरीज करून घ्या. एका एकराचे चाळीस गुंठे, मग अडीच एकराचे किती? दहा लिटर पाण्याला वीस मिली औषध, तर पंधरा लिटरच्या पंपाला किती? (हे गणित कागदावरच. औषधाच्या बाटलीला मुलांचा हात लागू देऊ नये.) चौथीच्या मुलाला भागाकार येत नसेल तर लाज न धरता गुरुजींना सांगा. पाचवीत हिंदी नव्याने येते, वर्गात परक्या गावची मुले असतात. त्यात भागाकारही अडला की मूल मागच्या बाकावर जाऊन बसते. शिवाय २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिले तर फेरपरीक्षा द्यावी लागते.

खरी चोरी होते ती हजेरीची. दिवाळीच्या सुमारास ज्वारीची खुरपणी, पुढे द्राक्षाची विरळणी, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी. "दोनच दिवस" म्हणत पंधरा दिवस जातात, आणि नेमक्या त्याच वेळी वर्गात अपूर्णांक चाललेले असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गैरहजेरीच्या दिवसावर फुली मारा. फुल्या डोळ्यांना दिसल्या की माणूस विचार करतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुलाला आजीजवळ ठेवता येईल का, गावात हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांना विचारावे.

रस्त्याचेही बघा. उन्हाळ्याच्या सुटीत मुलीला घेऊन त्या हायस्कुलापर्यंत एकदा चालत जा. गावातून आणखी कोण पाचवीला जाणार आहे ते विचारा. चौघीजणी मिळून निघाल्या तर आयांचा जीव थाऱ्यावर राहतो. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. मुलांनाही पासात मोठी सवलत आहे.

दाखल्यावरचे नाव आणि जन्मतारीख चौथीत असतानाच तपासून घ्या. पुढे चूक दुरुस्त करायला हेलपाटे पडतात. दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, असे कायद्यात आहे.

हुशार मुलांच्या पालकांसाठी एक सांगतो. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथला सहावीचा प्रवेश पाचवीत दिलेल्या परीक्षेवर मिळतो आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथीऐवजी पाचवीला होऊ लागली आणि २०२५ साली ती पुन्हा चौथीला आणण्याचे ठरले. तेव्हा यंदाचे काय ते शाळेतच विचारावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये.

त्या वस्तीवरच्या बाईंनी सकाळच्या एस.टी.ची वेळ मला दोनदा विचारून घेतली. कारभारी काही बोलले नाहीत, बियाणे सावलीत पसरत राहिले. पेरणीनंतर उगवण बघायला मला तिथे पुन्हा जायचेच आहे.