घड्याळाची पेटी

२००८ साली बाझलच्या घड्याळ-प्रदर्शनात ब्रेगे कंपनीने खिशात ठेवायचे एक सोन्याचे घड्याळ मांडले. त्याच्यासोबत एक पेटी होती. ओक लाकडाचे साडेतीन हजारांहून अधिक तुकडे जोडून ती बनवली होती. पेटीच्या बाहेरच्या अंगावर व्हर्सायच्या 'पेती त्रियानों' या छोट्या महालाच्या लाकडी फरशीची नक्षी होती. आत हजाराहून अधिक तुकड्यांच्या जडावातून एक चित्र उमटले होते : फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा गुलाब धरलेला हात.

हे घड्याळ म्हणजे प्रतिकृती होती. मूळ घड्याळाची हकिगत अशी, की १७८३ मध्ये या राणीसाठी ब्रेगेकडे एक मागणी आली. त्या काळी ठाऊक असलेली घड्याळातली सगळी करामत एकाच यंत्रात हवी होती. काम लांबत गेले. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, १८२३ मध्ये खुद्द संस्थापक अब्राहम-लुई ब्रेगे वारला आणि घड्याळ पुरे झाले ते १८२७ मध्ये. पुढे ते जेरुसलेमच्या संग्रहालयात पोचले आणि १९८३ मध्ये तिथून चोरीला गेले. ते सापडत नाही म्हटल्यावर कंपनीचे प्रमुख निकोलस हायेक यांनी २००५ मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली. त्याच सुमारास व्हर्सायच्या बागेतला, राणीचा आवडता म्हणून ओळखला जाणारा वठलेला ओक तोडावा लागला. त्याचे लाकूड ब्रेगेला मिळाले आणि त्यातून ही पेटी घडली. प्रतिकृतीचे काम चालू असतानाच मूळ घड्याळही सापडले, हा या कथेचा आणखी एक पदर.

प्रतिकृतीतले प्रत्येक चाक, प्रत्येक स्क्रू एकविसाव्या शतकातला होता. राणीच्या काळातले असे त्यात एकच होते, पेटीचे लाकूड. महागड्या घड्याळांच्या दुनियेत पेटीला जे मोल आहे, ते अशा कामगिरीतून आलेले आहे. जी पेटी घड्याळासाठी काही काम करते, मग ते राखणीचे असो वा साक्षीचे, तीच टिकते. नुसती मिरवणारी पेटी कपाटाच्या माळ्यावर जाते.

राखणीचे काम सर्वात जुने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रावर रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळे आली. या क्रोनोमीटरची पेटी सहसा महोगनीची आणि तीन भागांची असे. खालच्या भागात पितळी कड्यांच्या झोळण्यात घड्याळ टांगलेले, मधल्या झाकणाला काच आणि वर लाकडी झाकण. जहाज कितीही कलले तरी त्या कड्यांमुळे तबकडी आडवी, सपाट राहायची. अधिकाऱ्याला वेळ बघायची तर फक्त वरचे झाकण उघडायचे. काच बंदच राहायची, म्हणून खारी हवा आत शिरायची नाही. किल्ली ठेवायला आत कोनाडा असे आणि प्रवासात घड्याळ हलू नये म्हणून कड्या अडकवून ठेवायची एक खटकीही असे. लाकूड, पितळ आणि काच यांतल्या प्रत्येक जोडाला तिथे कारण होते.

चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजातून जगप्रवासाला निघाला, त्या जहाजावर १८३१ मध्ये २२ क्रोनोमीटर होते. कप्तान फिट्झरॉयने ते आपापल्या पेट्यांसह भुशात रुतवून, रुंद फळ्यांवर कप्पे करून ठेवले होते. जहाजाची थरथर भुशाने झेलावी हा हेतू. त्यांची देखभाल करायला जॉर्ज जेम्स स्टेबिंग हा उपकरणांचा कारागीर त्याने स्वतःच्या खर्चाने बरोबर नेला होता. तरीही पाच वर्षांनी जहाज परतले तेव्हा निम्मेच क्रोनोमीटर धड चालत होते. अशा घड्याळांची चाल वेळोवेळी ताऱ्यांशी ताडून बघावी लागे. मुंबईत ती सोय कुलाब्याला झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा उभारली, ती आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना नेमकी वेळ पुरवण्यासाठी.

जमिनीवरच्या पेटीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. जर्मनीतल्या हानाऊ या सोनारकामाच्या गावी फिलिप वोल्फ नावाचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. आपल्या वस्तू देखण्या पेटीत मांडल्या की चांगल्या खपतात, हे त्याच्या ध्यानात आले. १८३४ मध्ये त्याने पेट्यांचाच धंदा सुरू केला. हे घराणे पुढे स्वीडनमधल्या माल्मोला आणि तिथून इंग्लंड-अमेरिकेत पसरले. आज पाचवी पिढी घड्याळांच्या आणि दागिन्यांच्या पेट्या करते. लंडनचे रॅपोर्ट हे घराणेही १८९८ पासून याच परंपरेत आहे. या घरांच्या खटपटीतून पेटी हा दुकानदाराच्या विक्रीचा भाग बनला.

त्याचे टोक न्यूयॉर्कच्या टिफनीने गाठले. १८३७ मध्ये सुरू झालेल्या या पेढीने १८४५ मध्ये आपल्या सूचिपत्रकाला मोरपिशी छटेकडे झुकणारा फिकट निळा रंग दिला आणि तोच पुढे डब्यांचा रंग झाला. टिफनीच्या दुकानात एक वस्तू कितीही पैसे मोजले तरी विकत मिळत नाही, खरेदीबरोबरच मिळते आणि ती म्हणजे डबा, असे १९०६ मध्ये 'न्यूयॉर्क सन' या वृत्तपत्राने नोंदवले होते. १९९८ मध्ये टिफनीने या रंगाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली.

या रंगाने पुढे उलटा प्रवास केला. पाटेक फिलिप ही स्विस घड्याळ-कंपनी आणि टिफनी यांचे नाते १८५१ पासूनचे. त्याला १७० वर्षे झाली म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये पाटेकने 'नॉटिलस' घड्याळाच्या १७० नगांची तबकडी टिफनीच्या डब्याच्या रंगात रंगवली. त्यातला एक नग फिलिप्सच्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरला गेला. पॅकिंगचा रंग तबकडीवर चढला आणि त्याला अशी किंमत आली.

'नॉटिलस'च्या पहिल्या पेटीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेराल्ड जेंटा यांनी आरेखन केलेले हे पोलादी घड्याळ १९७६ मध्ये बाजारात आले. सोन्याच्या घड्याळांसाठी नावाजलेल्या कंपनीने पोलादाला एवढी किंमत लावावी, हे धाडस होते. पेटीतही तेच धाडस दिसले. मखमल नाही, चामडे नाही, तर बूच. बूच हलके, पाण्याला न जुमानणारे, धक्का शोषणारे. समुद्रावर मिरवायच्या घड्याळाला शोभणारे. पण ठिसूळही. कोपरे उडायचे, बिजागऱ्या सैल व्हायच्या आणि बऱ्याच मालकांनी त्या पेट्या टाकून दिल्या. ज्या उरल्या, त्या रिकाम्यासुद्धा हजारो डॉलरला विकल्या जातात. २०१६ मध्ये नॉटिलसला ४० वर्षे झाली तेव्हा पाटेकने विशेष आवृत्तीसाठी पुन्हा बुचाची पेटी केली.

आजची सर्रास दिसणारी आलिशान पेटी आतून कशी असते? वरून अक्रोड किंवा एबनी वाटते, पण गाभा बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, असतो. अस्सल लाकडाची जाड फळी हवेतल्या ओलाव्याने फुगते, आखडते, पिळते. मग झाकण बसत नाही. एमडीएफ सहसा तसा पिळत नाही. त्यावर लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हेनिअर, चिकटवतात. रेषा झाकणावरून कडेवर सलग उतरावी म्हणून पापुद्रे एकाच ओंडक्यातून क्रमाने काढलेले घेतात. मग लॅकरचा हात, वाळवणे, घासणे, पुन्हा हात, पुन्हा घासणे. पियानोसारखी चकाकी याच आवर्तनांतून येते आणि घाई केली तर आठवड्याभरात पृष्ठभागावर लाटा उमटतात. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडतात. त्या जोडात केसाएवढी फट राहिली, तरी लॅकर ती झाकत नाही, उलट उठून दाखवते.

आतले काम शिलाईवाल्यांचे. घड्याळ ज्या उशीवर गुंडाळतात, ती फार घट्ट असली तर चामडी पट्टा ताणला जातो, फार सैल असली तर घड्याळ झाकणावर आपटते. म्हणून उशी दाबली जाईल आणि परत फुगेल अशी लागते. बिजागरी झाकणाला मधेच कुठेही थांबू देते का, झाकण मिटताना हवा हळू बाहेर पडते का, हेही तपासले जाते. महागड्या पेटीचे झाकण हळुवार बसते ते या मापांमुळे.

याहून अवघड प्रश्न नजरेला दिसत नाही. लाकूड, गोंद, कापड आणि फोम यांतून कायम थोडे वायू सुटत असतात. ओकमधून निघणारे ॲसेटिक ॲसिड शिशाला खाते. लोकरीतून सुटणारी गंधकाची संयुगे चांदी काळवंडवतात आणि अनेक जुन्या तबकड्यांवर चांदीचा मुलामा असतो. ब्रिटिश म्युझियममधले ॲन्ड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक साधी चाचणी बसवली. चांदी, तांबे आणि शिसे यांचे तुकडे संशयित कापडासोबत किंवा लाकडासोबत बंद काचपात्रात ६० अंश सेल्सिअसला, भरपूर ओलाव्यात २८ दिवस ठेवायचे आणि धातू डागाळतो का ते बघायचे. संग्रहालये कपाटांचे सामान आजही अशा चाचणीने निवडतात. वस्तू पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची, असे सांगून जी पेटी विकली जाते, तिचे अस्तरही या कसोटीला उतरायला हवे.

कोकणपट्टीत आणि मुंबईत हा प्रश्न अधिक बोचतो. स्विस घड्याळांशी या शहराचा संबंध जुना आहे. फेवर ल्युबाने इथे १८६५ मध्ये व्यापार सुरू केला आणि 'वेस्ट एंड वॉच कंपनी' १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. पण दमट हवेत पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटू लागते आणि त्याच जातीचा फोम चिकट होऊन पुढे भुकटी होतो. ती भुकटी घड्याळाच्या कडीत शिरली की दुरुस्तीवाल्याला काम लागते.

पेटीचे दुसरे मोठे काम साक्षीचे. जुन्या घड्याळांच्या बाजारात पेटी आणि कागदपत्रे सोबत असली, की त्याला 'फुल सेट' म्हणतात आणि भाव चढतो. कारण सरळ आहे. घड्याळाचा क्रमांक, विक्रीची तारीख, दुकानाचा शिक्का आणि त्या काळची पेटी यांचा मेळ बसला, तर घड्याळ खरे असण्याची आणि मधे कुणी भाग बदलले नसल्याची शक्यता वाढते. पाटेक फिलिप आपल्या जुन्या नोंदवह्यांतून घड्याळ कधी बनले, कधी विकले गेले याचा उतारा देते. मूळ प्रमाणपत्र हरवले तर मात्र दुसरे देत नाही. म्हणूनच बनावट पेट्या आणि बनावट कागद यांचाही धंदा चालतो आणि जाणकार पेटीच्या तळाचा क्रमांक, अस्तराचा रंग, चिन्हाची ठेवण घड्याळाच्या सालाशी ताडून बघतात.

न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्हज यांच्यासाठी पाटेकने घडवून १९३३ मध्ये सुपूर्द केलेले 'सुपरकॉम्प्लिकेशन' हे खिशातले घड्याळ २०१४ मध्ये सोदबीजच्या जिनीव्हातील लिलावात सुमारे २.४ कोटी डॉलरला गेले. त्याची ट्यूलिपवुडची पेटी एबनीच्या जडावाची होती आणि मधल्या शिंपल्याच्या पट्टीवर ग्रेव्हज घराण्याचे चिन्ह कोरलेले होते. घड्याळ कुणासाठी घडले, हे ती पट्टी सांगत होती.

आणखी एक काम करणारी पेटी म्हणजे वाइंडर. स्वयंचलित घड्याळ मनगटाच्या हालचालीवर चालते; काढून ठेवले की साधारण दोन-तीन दिवसांत थांबते. ज्यात लीप वर्षासकट तारीख-वार-महिना दाखवणारे पंचांग असते, ते पुन्हा लावणे जिकिरीचे. वाइंडरमधली मोटर अशा घड्याळाला दिवसाला काही शे फेरे देत राहते. मोटर चांगली झाकलेली मात्र हवी, कारण चुंबकीय क्षेत्राने आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते.

अलीकडे कंपन्यांना पेटीचा आकार आणि वजन यांचा हिशेब द्यावा लागतो आहे. मोठी लाकडी पेटी विमानाने जाताना मुख्यतः हवा वाहून नेते. ब्रेइटलिंगने २०२० मध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या एकाच साहित्याची घडीची पेटी आणली, जी चपटी करून पाठवता येते. त्याच वर्षी स्वॉचने बटाट्याचा स्टार्च आणि टॅपिओका यांपासून कंपोस्ट होणारे पॅकिंग काढले. लाकडावरही बंधने आली आहेत. शिसवाच्या जवळजवळ सर्व जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहेत आणि त्याची झळ भारतीय लाकूडकाम निर्यातदारांनाही लागली.

ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ मूळ पेटीसह आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी ती एकदा उघडून बघावी. फोम भुकटी होत असेल, तर घड्याळ बाहेर काढून स्वच्छ सुती कापडात ठेवावे. पेटी मात्र टाकू नये, आतला फोम बदलून तशीच ठेवावी. हमीपत्र आणि पावती वेगळ्या पाकिटात कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, त्या पुड्या दरवर्षी बदलाव्यात आणि घड्याळाच्या क्रमांकाचा, पेटीच्या तळाचा व कागदांचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा.